डेबियन बनवणारा इयान मर्डॉक पुढची २० वर्षं एकाच प्रश्नाशी झगडत होता : एका कॉम्प्युटरवर दोन पॅकेज मॅनेजर नांदणार कसे?

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोराला विचारा, हा किस्सा त्याच्या ओळखीचा निघेल. उल्हासनगरातून सेकंड हँड लॅपटॉप घेतलेला असतो. विंडोज धापा टाकायला लागतं म्हणून कुणीतरी सिनियर त्यावर उबुंटू टाकून देतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पायथनमध्ये असतो. यूट्यूबवाला सांगतो तशी पिप इन्स्टॉलची कमांड मारली की स्क्रीनवर एरर येते. तिचा अर्थ साधारण असा, की या मशीनवरचा पायथन दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे, तुम्ही त्यात ढवळाढवळ करू नका.

आता तुम्ही म्हणाल, लॅपटॉप माझा, पैसे माझे, मग हा दुसरा कोण?

हा दुसरा म्हणजे ॲप्ट, उबुंटूचा पॅकेज मॅनेजर. आणि पिप हा पायथनचा पॅकेज मॅनेजर. दोघांचं काम एकच, सॉफ्टवेअर आणून बसवायचं. पण दोघं एकमेकांना विचारत नाहीत. हे भांडण समजून घ्यायचं तर ज्या माणसाने यातल्या एका बाजूची वीट रचली त्याच्याकडे जावं लागतं. त्याचं नाव इयान मर्डॉक.

इयानचा जन्म २८ एप्रिल १९७३ चा, पश्चिम जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ गावचा. आईवडील अमेरिकन. वडील लॅरी मर्डॉक कीटकशास्त्रज्ञ. पुढे ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि इयान तिथेच वाढला. वडिलांच्या लॅबमधल्या ॲपल टू कॉम्प्युटरवर त्याने प्रोग्रॅमिंगला सुरुवात केली.

या वडिलांबद्दल थोडं सांगायलाच हवं. आफ्रिकेत चवळीला भुंगा लागून शेतकऱ्यांचं धान्य वाया जायचं. लॅरी मर्डॉक यांनी त्यावर तीन थरांची पिशवी काढली. आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं, तोंड घट्ट बांधायचं. आतली हवा संपली की भुंगा मरतो, औषध मारावं लागत नाही. पिक्स नावाने या पिशव्या पुढे आफ्रिकेत आणि आशियातही गेल्या. बाप धान्य नीट बांधून ठेवायची पद्धत शोधत होता आणि पोरगा सॉफ्टवेअर नीट बांधायची. दोघांनी हे ठरवून केलं असेल असं अजिबात नाही, पण योगायोग भारी आहे.

तर १९९३ साल. लिनक्स येऊन दोनच वर्षं झाली होती. लिनस टोरवाल्ड्सने बनवलेला लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, गाडीचं इंजिन म्हणा. चाकं, सीट, स्टेअरिंग वेगवेगळ्या ठिकाणाहून गोळा करून गाडी जोडायची तर सामान्य माणसाचं काम नव्हतं. म्हणून काही लोक सगळं एकत्र जोडून द्यायचे, त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. त्या काळी एसएलएस नावाचं डिस्ट्रिब्युशन जोरात चालत होतं. पर्ड्यूत शिकणाऱ्या इयानने तेच वापरलं आणि वैतागला. चुकांचा सुळसुळाट होता आणि दुरुस्त्या वेळेवर होत नव्हत्या.

एसएलएसला वैतागलेला तो एकटा नव्हता. पॅट्रिक फोल्करडिंग नावाच्या पोराने त्याच उन्हाळ्यात एसएलएसची डागडुजी करून स्लॅकवेअर काढलं. इयानने मात्र डागडुजी न करता पहिल्यापासून मांडणी करायची ठरवली. १६ ऑगस्ट १९९३ ला त्याने आपल्या नव्या डिस्ट्रिब्युशनची घोषणा केली. तेव्हा तो २० वर्षांचा होता. नाव काय ठेवलं? गर्लफ्रेंड डेब्रा आणि स्वतः इयान, दोघांची नावं जोडून डेबियन. पुढे त्यांचं लग्न झालं आणि काही वर्षांनी घटस्फोटही.

त्याने डेबियनचा जाहीरनामाही लिहिला. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की डिस्ट्रिब्युशन कुठल्या कंपनीने बंद दाराआड न बनवता जगभरातल्या लोकांनी मिळून उघडपणे बनवायचं. ऐकायला छान वाटतं, पण अडचण लगेच समोर येते. वेगवेगळ्या देशांत बसलेली, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकच सिस्टीम जोडणार कशी? एकाने केलेला बदल दुसऱ्याचं काम मोडणार नाही याची हमी काय?

याचं उत्तर म्हणजे पॅकेज. प्रत्येक सॉफ्टवेअर एका गठ्ठ्यात बांधायचं आणि गठ्ठ्यावर चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्या माणसाचं नाव आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे चालायला दुसरं काय काय लागतं ते. याला डिपेंडन्सी म्हणतात. प्रत्येक गठ्ठ्याची जबाबदारी एका माणसाची. त्याने चिठ्ठीवरचे नियम पाळले की बाकीच्यांना त्याच्या घरात डोकवायची गरज नाही.

गठ्ठे बसवायला आणि काढायला इयानने १९९४ च्या सुरुवातीला एक साधा प्रोग्रॅम लिहिला, डीपीकेजी. तो पुढे इतरांनी सुधारला आणि इयान जॅक्सन नावाच्या दुसऱ्याच इयानने त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. आज उबुंटूवर आपण ॲप्टची कमांड देतो तेव्हा खाली राबतो तो हाच डीपीकेजी.

डीपीकेजीची खरी ताकद म्हणजे त्याची वही. उल्हासनगरच्या कापडाच्या गोदामाचा विचार करा. कुठला तागा कुठल्या फळीवर, कुणाकडून आला, कुणाला द्यायचाय, सगळं वहीत. वहीत नोंद असली की माल हलवता येतो, परत करता येतो, कमी पडला तर मागवता येतो. डीपीकेजीसुद्धा मशीनवर ठेवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद ठेवतो. ही फाइल कुठल्या पॅकेजची, त्या पॅकेजवर कोण अवलंबून आहे. सॉफ्टवेअर काढून टाकलं तर नेमक्या त्याच फाइल जातात, शेजाऱ्याच्या फाइलला धक्का लागत नाही.

पण हे सगळं एका अटीवर चालतं. गोदामात वही एकच हवी.

डेबियनला १९९४ च्या शेवटापासून वर्षभर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा आधार मिळाला. १.० आवृत्तीची मात्र गंमत झाली. सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अर्धवट तयार आवृत्तीलाच १.० म्हणून विकून टाकलं. गोंधळ नको म्हणून डेबियनवाल्यांनी १.० हा आकडाच वगळला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ काढली. तिच्यात ४७४ पॅकेजेस होती. तोवर इयान बाजूला झाला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने डेबियनची सूत्रं ब्रूस पेरेन्सकडे दिली आणि स्वतःची कॉम्प्युटर सायन्सची डिग्री पूर्ण केली. स्वतः काढलेलं दुकान तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या हाती देणं सोपं नसतं. त्याने ते दिलं आणि डेबियन वाढतच गेलं.

दरम्यान शेजारी दुसरी वही सुरू झाली होती. रेड हॅट कंपनीने आपला पॅकेज प्रकार काढला, आरपीएम. कल्पना तीच, पण गठ्ठा बांधायची पद्धत वेगळी आणि नोंदवहीही वेगळी. झालं, लिनक्सचं जग दोन घराण्यांत वाटलं गेलं. एकीकडे डेबचे गठ्ठे, एकीकडे आरपीएमचे. एखाद्या कंपनीने सॉफ्टवेअर फक्त आरपीएममध्ये दिलं तर डेबियनवाल्याने काय करायचं? त्यासाठी एलियन नावाचं हत्यार आलं. ते आरपीएमचा गठ्ठा उघडून डेबच्या बांधणीत बांधून द्यायचं. चालायचंही, पण चिठ्ठीवरची नावं जुळायची नाहीत. एकाच लायब्ररीला या घराण्यात एक नाव आणि त्या घराण्यात दुसरं, मग डिपेंडन्सी शोधणार कशी?

१९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत ॲप्ट आला. आता गठ्ठे स्वतः शोधून आणायची गरज उरली नाही. ॲप्टला नाव सांगितलं की तो इंटरनेटवरून तो गठ्ठा आणि त्याला लागणारे बाकीचे दहा गठ्ठे आणतो आणि डीपीकेजीच्या हवाली करतो. आज मोबाइलवर ॲप स्टोअर वापरताना कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा तो साधा चमत्कार होता.

इयानने याच सुमाराला इंडियानापोलिसमध्ये प्रोजेनी नावाची कंपनी काढली. सुरुवात डेबियनवर आधारलेल्या डिस्ट्रिब्युशनने केली, पण धंदा काही जमेना. मग त्याने काय करावं? रेड हॅटने आपल्या जुन्या लिनक्स आवृत्त्यांना अपडेट देणं बंद केलं, तेव्हा अडकलेल्या ग्राहकांना पैसे घेऊन अपडेट द्यायचं काम प्रोजेनीने सुरू केलं. म्हणजे डेबचा जनक आरपीएमवाल्यांची दुरुस्ती करत होता. रेड हॅटचा ॲनाकोंडा हा इन्स्टॉलरही प्रोजेनीने डेबियनवर चालवून दाखवला. त्या काळात दोन्ही घराण्यांच्या स्वयंपाकघरात इतक्या सहज जाणारी माणसं फार नव्हती. २००७ मध्ये प्रोजेनी बंद पडली. पण या कामातून इयानच्या एक गोष्ट पक्की लक्षात आली, की खरा त्रास लिनक्सच्या आत नाही, दोन लिनक्सच्या मधल्या फटीत आहे.

म्हणून तो लिनक्स स्टँडर्ड बेस या प्रयत्नात उतरला आणि २००६ मध्ये त्याचा अध्यक्ष झाला. उद्देश असा, की कंपनीने सॉफ्टवेअर एकदाच बनवावं आणि ते सगळ्या लिनक्सवर चालावं. आता यातली मजा बघा. या स्टँडर्डने पॅकेजचा अधिकृत प्रकार म्हणून आरपीएम निवडलेला होता. डेबियनचा संस्थापक आरपीएम सांगणाऱ्या स्टँडर्डचा अध्यक्ष! डेबियनवाले मात्र एलियन वापरून वेळ मारून नेत होते.

डिसेंबर २००६ मध्ये बर्लिनला पॅकेजिंगवाल्यांची बैठक झाली. तिथे निघालेली कल्पना या गोष्टीतली सगळ्यात शहाणी कल्पना म्हणायला हरकत नाही. दोन्ही घराण्यांना एक गठ्ठा वापरायला लावणं जमणार नाही, हे एव्हाना कळून चुकलं होतं. मग निदान एवढं तरी करू. बाहेरून येणाऱ्या कुठल्याही इन्स्टॉलरने सामान ठेवताना मशीनच्या मूळ पॅकेज मॅनेजरला कळवायचं, की मी अमुक आहे, या या फाइल ठेवतोय, तुझ्या वहीत नोंद कर. वही डेबची असो वा आरपीएमची, विचारायची पद्धत एकच.

कल्पना सरळ होती, पण ती रुजली नाही. कंपन्यांना त्याची घाई नव्हती, डिस्ट्रिब्युशनवाल्यांना आपली पद्धत सोडायची नव्हती आणि मधल्या पुलाचा खर्च कुणी उचलायचा हे ठरलं नाही. २०१५ मध्ये तर डेबियननेच लिनक्स स्टँडर्ड बेसचा आधार काढून टाकला. वापरणारं कुणी उरलंच नव्हतं.

इयान त्याआधीच पुढे गेला होता. मार्च २००७ मध्ये तो सन मायक्रोसिस्टीम्समध्ये रुजू झाला. सनकडे सोलारिस ही दणकट ऑपरेटिंग सिस्टीम होती, पण लिनक्स वापरलेल्या पोरांना ती जुनाट वाटायची, कारण तिथे ॲप्टसारखं काही नव्हतं. पॅकेज मॅनेजर ही लिनक्सने कॉम्प्युटर उद्योगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, असं इयानने त्याच वर्षी आपल्या ब्लॉगवर मांडलं होतं. सनमध्ये त्याने प्रोजेक्ट इंडियाना चालवला, नाव अर्थातच आपल्या राज्यावरून. त्यातून मे २००८ मध्ये ओपनसोलारिस आली आणि तिच्यासोबत आयपीएस हा नवा पॅकेज मॅनेजर.

इथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. सोलारिसचे जुने गठ्ठे वापरणारी मोठमोठी गिऱ्हाइकं होती, त्यांना एका रात्रीत नव्या वहीवर आणणं शक्य नव्हतं. मग ओपनसोलारिसमध्ये नव्या आयपीएसच्या शेजारी जुन्या गठ्ठ्यांचीही सोय ठेवली गेली. एक मशीन, दोन पॅकेज मॅनेजर. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि इयान बाहेर पडला. ओपनसोलारिस ओरॅकलने गुंडाळून टाकली.

या सगळ्या वर्षांत तिसरीच फौज येऊन उभी राहिली होती. प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेने स्वतःचा पॅकेज मॅनेजर काढला. पर्लचं सीपॅन १९९५ पासून होतंच, पायथनचा पिप २००८ मध्ये आला, जावास्क्रिप्टचा एनपीएम २०१० मध्ये. त्यांचंही चूक नव्हतं. डेबियनवाले गठ्ठा तपासून, पारखून घेतात, त्याला वेळ लागतो. पायथनच्या पोरांना काल आलेली आवृत्ती आज हवी असते.

तर आता त्या लॅपटॉपवरच्या एररकडे येऊ. उबुंटूची स्वतःची बरीच कामं पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतात. त्यांना ठरावीक आवृत्तीच्या लायब्ररी लागतात आणि त्यांची नोंद डीपीकेजीच्या वहीत असते. तुम्ही सुडो लावून पिपने तीच लायब्ररी नव्या आवृत्तीत आणली की पायथन आधी ही नवी प्रत उचलतो. सिस्टीमचा प्रोग्रॅम जुन्या प्रतीच्या भरवशावर लिहिलेला, तो कोसळतो. ॲप्टला विचारलं तर तो म्हणणार, माझ्या वहीत सगळं ठीक आहे. खरंच ठीक असतं, कारण पिपने नोंद केलेलीच नसते. बर्लिनच्या बैठकीत जे होऊ नये असं ठरत होतं, नेमकं तेच.

कल्याणच्या पुढचा मार्ग आठवा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कर्जत लोकल, पुण्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या, सगळ्यांना वर्षानुवर्षं त्याच दोन रुळांवरून जावं लागलं. लोकल रखडते, लोक शिव्या घालतात, पण गाड्या एकमेकांवर आदळत नाहीत, कारण सिग्नल एकाच्या हातात आहे. दोन जण एकमेकांना न सांगता सिग्नल द्यायला लागले तर काय होईल? म्हणून २०२३ मध्ये आधी उबुंटू २३.०४ ने आणि मग डेबियन १२ ने हा नियमच करून टाकला, की सिस्टीमच्या पायथनवर पिपने चढायचं नाही. नियम मोडायचाच असेल तर जो पर्याय द्यावा लागतो त्याच्या नावातच सिस्टीमची पॅकेजेस मोडा असं लिहिलेलं आहे. यूट्यूबवर बरेच जण हाच उपाय सांगतात. तो करू नका.

रस्ता साधा आहे, पिपला वेगळा रूळ टाकून द्यायचा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट म्हणजे वेनव्ह बनवायचं आणि पिपचं सगळं सामान तिथेच ठेवायचं. बिघडलं तर फोल्डर उडवा, लॅपटॉपला काही होत नाही. पायथनमधला तयार प्रोग्रॅम हवा असेल तर पिपेक्स त्याला आपोआप वेगळी खोली देतो. ब्राउझर, प्रिंटरचे ड्रायव्हर, कंपायलर असलं सिस्टीमचं सामान ॲप्टकडून घ्यायचं. स्नॅप आणि फ्लॅटपॅक आपलं सामान मुळातच वेगळं ठेवतात, त्यामुळे ते ॲप्टच्या वाटेला जात नाहीत. हार्ड डिस्क मात्र खातात, कारण एकच लायब्ररी तीन ठिकाणी येऊन बसते. १२८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर हे जाणवतं.

वेगळ्या खोलीचा हाच विचार टोकाला नेला डॉकरने. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरचं म्हणणं असं, की वह्या जुळवत बसूच नका. प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या लायब्ररींसकट एका बंद डब्यात घाला. एका डब्यात डेबियन, दुसऱ्यात रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स, दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी. डब्याच्या आत अजूनही ॲप्टच असतो, फक्त त्याची वही त्या डब्यापुरती.

आणि इयान कुठे गेला असेल? नोव्हेंबर २०१५ मध्ये तो डॉकरमध्येच रुजू झाला. मधली काही वर्षं त्याने इंडियानापोलिसच्या एक्झॅक्टटार्गेट कंपनीत, म्हणजे पुढच्या सेल्सफोर्समध्ये काढली होती. ज्या प्रश्नावर त्याने प्रोजेनीत, बर्लिनमध्ये आणि सनमध्ये डोकं लावलं, त्यावर एकदाचं चालणारं उत्तर घेऊन आलेल्या कंपनीत तो पोहोचला होता. तिथे त्याला जेमतेम दोन महिने मिळाले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांशी त्याची झटापट झाली, अटक झाली, मग सोडून देण्यात आलं. त्यानंतर त्याने ट्विटरवर अस्वस्थ करणारे मेसेज टाकले. २८ डिसेंबर २०१५ ला, वयाच्या ४२ व्या वर्षी तो गेला. पुढे कितीतरी दिवस इंटरनेटवर तर्कवितर्क चालले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या वैद्यकीय अहवालात मृत्यूचं कारण आत्महत्या असं नोंदवलं गेलं. ट्विटरवर ते सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि तरी वेळेवर काही करता आलं नाही, याची चुटपुट त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना लागून राहिली तर नवल नाही.

उबुंटू डेबियनमधूनच निघालं. रास्पबेरी पायवरची सिस्टीम, हॅकिंग शिकणारी पोरं वापरतात ते काली लिनक्स, आपल्या सी-डॅकने बनवलेली बॉस ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम, सगळ्यांचं मूळ घराणं डेबियनचं.

१७ जून २०१७ ला डेबियनची नववी आवृत्ती आली, नाव स्ट्रेच. जगभरच्या डेबियनवाल्यांनी ती इयानला अर्पण केली. त्या आवृत्तीत ५१ हजारांहून जास्त पॅकेजेस होती.